ओला चढ

गाडीच्या दुखण्यांसाठी मराठी स्वाराकडे शब्दांची कमतरता नाही. ‘मिसिंग मारते’ म्हणजे मध्येच एखादा ठोका चुकवते. ‘लोड घेत नाही’ म्हणजे एकट्याला नेते, मागे कुणी बसलं की कुंथते. ‘ओढत नाही’, ‘दम सोडते’, ‘गचके देते’, ‘रेस धरत नाही’, ‘पिकअप गेला’. हे सगळे शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. गॅरेजच्या दारात गाडी स्टँडला लावता लावता माणूस यातला कोणता शब्द आधी उच्चारतो, त्यावरून जाणता मिस्त्री हातात कोणता पाना घ्यायचा ते ठरवतो. जून लागला की मात्र या प्रत्येक शब्दाला एक पुरवणी जोडली जाते: ‘फक्त पावसात हो. एरवी काही नाही.’

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गॅरेजांत पावसाळ्याचे चार महिने हे वाक्य ऐकू येतं, आणि मिस्त्रीसाठी याहून अवघड वाक्य नाही. कारण गाडी त्याच्यासमोर येते तेव्हा ती छपराखाली असते. बहुतेक वेळा उघडीप बघूनच आणलेली असते. वाटेत इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेने सगळी ओल सुकून गेलेली असते. किक मारली की पहिल्या झटक्यात सुरू, रेस दिली की खणखणीत आवाज. डॉक्टरांच्या दारात पाय ठेवताच रोग्याचा ताप उतरावा, तसं होतं.

डोंबिवली पूर्वेच्या एका स्वाराने एक अख्खा जुलै या अडचणीत काढला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, पाळीची. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. तिथल्या पाळ्या सुटण्याच्या वेळा आणि लोकलच्या वेळा जुळतातच असं नाही, म्हणून त्याची दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली, दहा-बारा वर्षं वापरलेली मोटरसायकल हाच त्याचा नोकरीचा आधार. काटई नाका, शिळफाटा, मुंब्रा बायपास, रेतीबंदर, खारेगाव, साकेत पूल, माजिवडा. मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेच्या लोकांना ठाणे जवळ आलं, पण पूर्वेच्या माणसाच्या हाताला सवय शिळफाट्याचीच.

या वाटेवर बराच वेळ सपाटी आहे. शिळफाटा मागे पडला की मुंब्रा बायपासचा चढ लागतो. एका अंगाला मुंब्रादेवीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली मुंब्र्याची दाटी आणि पलीकडे खाडी. याच डोंगररांगेच्या पोटातून १९१६ पासून पारसिकचा बोगदा रेल्वेला वाट देतो. रस्त्याला मात्र डोंगराच्या अंगावरून चढूनच जावं लागतं. पावसाळ्यात कड्यावरून पाण्याचे ओहोळ रस्त्यावर येतात, कधी दगडमाती येते. आणि या चढावर दुचाकी एकटी नसते. उरणच्या जेएनपीटी बंदरातून भिवंडीकडे, नाशिककडे, गुजरातकडे जाणारे कंटेनर तिच्या मागे-पुढे असतात.

गाडीने दम सोडला तो नेमका इथे. शिळफाट्यापर्यंत ठीक चाललेली, चढाला लागल्यावर त्याने मूठ पिळली आणि गाडीने वेग घ्यायच्या ऐवजी टाकला. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. सायलेन्सरमधून फट् फट् असा कोरडा आवाज, बुडाखाली गचके, आणि आरशात वाढत जाणारा दिव्यांचा उजेड. वेग वीसवर आलेली दुचाकी पावसात मागच्या ट्रकवाल्याला उशिरा दिसते. चढावर भरलेला कंटेनर एकाएकी आवरत नाही. ‘पिकअप कमी झाला’ हे शब्द गॅरेजमध्ये किरकोळ वाटतात. त्या वळणावर त्यांचा अर्थ वेगळा असतो, म्हणूनच या दुखण्याचं मूळ शोधायला वेळ देणं ही हौस नव्हे.

कडेला घेऊन तो दहा मिनिटं थांबला. नंतर गाडी काहीच झालं नाही अशी चालली. दुपारी वागळे इस्टेटमध्ये ऊन पडलं, संध्याकाळी परतीचा रस्ता कोरडा होता, गाडी गुणी लेकरासारखी घरी आली.

पहिल्या गॅरेजने प्लग बदलला. पुढच्या पावसात तेच. मग कार्बोरेटर खोलून साफ केला, ‘कचरा होता साहेब’ म्हणून सांगितलं. कचरा असेलही, दहा वर्षांच्या गाडीत तो असतोच. पुन्हा तेच. मग कॉईल बदलली. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजच्या दारात छान चालली, गल्लीतून एक फेरी मारून झाली, पैसे दिले गेले. यात फसवणूक कुणी केली नाही. त्या कारागिराने जे समोर दिसलं त्यावर काम केलं, आणि समोर दोष दिसतच नव्हता. पण सुटे भाग बदलत बदलत दोष गाठायचा ही पद्धत पावसाळी दुखण्यात सगळ्यात महाग पडते, कारण दुरुस्ती झाली की नाही हे कळायला पुढच्या पावसाची आणि पुढच्या चढाची वाट बघावी लागते.

दुसरा मिस्त्री डोंबिवलीतलाच, स्टेशनपासून आत एका गल्लीत, एका गाळ्याचं दुकान. साठीचा माणूस. राजदूत आणि येझदीच्या काळापासून हात काळे केलेला. त्याने गाडीला हातच लावला नाही. स्टुलावर बसवलं आणि विचारलं,

“पाऊस लागल्या लागल्या सोडते, का अर्ध्या तासाने?”

“लागल्यावर थोड्या वेळाने. पाच-दहा मिनिटं धरा.”

“एकदम बटन दाबल्यासारखी बंद होते, का रडत रडत?”

“बंद होतच नाही, उस्ताद. नुसती ओढत नाही.”

“सपाटीला?”

“सपाटीला हळू चालवली तर चालते. चढावर मूठ दिली की झालं.”

“चोक ओढून बघितलात?”

“ओढला एकदा. काही फरक नाही.”

“गाडी पाण्याने धुतल्यावर?”

इथे स्वार थांबला. रविवारी सोसायटीच्या नळाला पाइप लावून गाडी धुतली होती आणि लगेच भाजी आणायला काढली होती, तेव्हा फाटकापाशी ती अशीच अडखळली होती. आठवण होती, पण त्या आठवणीचा या दुखण्याशी संबंध आहे हे त्याच्या मनात आलं नव्हतं. मिस्त्रीने मान हलवली. त्याचं अर्धं काम झालं होतं.

या प्रश्नांमागे चाळीस वर्षांची शिस्त आहे आणि ती उलगडून बघण्यासारखी आहे. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. पाऊस या तिन्हींवर येऊ शकतो, पण तिन्हींवर त्याची चाल वेगळी असते. हवेचा फिल्टर भिजायला वेळ लागतो. कागदी फिल्टर ओला झाला की त्यातून हवा कमी येते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, गाडी हळूहळू जड होत जाते, आणि चोक ओढला तर आणखी बिघडते, कारण चोकही हवाच कमी करतो. याउलट पेट्रोल कमी पोचत असेल तर चोकने गाडी थोडी सावरते. एकदम बटन दाबल्यासारखी जाते आणि तशीच येते, तेव्हा संशय स्विचवर, कपलरवर, तुटक्या वायरीवर. आणि जी गाडी हळू चालवल्यास चालते, मूठ दिली की फटफटते, चोकला दाद देत नाही आणि धुतल्यावरही तशीच वागते, तिची ठिणगी वाटेत कुठेतरी गळते आहे.

गळते हा शब्द इथे नेमका आहे. कॉईलपासून प्लगपर्यंत जी जाड वायर जाते तिच्यात काही हजार व्होल्टचा दाब असतो, गरज पडली तर वीस हजारांच्या घरात. प्लगच्या टोकाशी असलेली फट जेमतेम ०.७ मिलिमीटर. साध्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला ठिणगीला सुमारे तीन हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये हवा साधी नसते. पिस्टन वर येताना ती आठ-नऊ पटींनी दाबलेली असते, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला कितीतरी जास्त जोर लागतो.

आता मूठ किती पिळली आहे त्यावर सिलिंडरमध्ये हवा किती भरते ते ठरतं. सपाटीला, मूठ थोडीच दिलेली असताना, सिलिंडर अर्धवट भरतं, दाब कमी राहतो, ठिणगी सहज पडते. चढावर मूठ पूर्ण दिली की सिलिंडर गच्च भरतं, दाब चढतो, आणि तिथे ठिणगीला पूर्वीपेक्षा दुप्पट-तिप्पट जोर लावावा लागतो. विजेला नेहमी सोपी वाट हवी असते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चिखलाचा ओला थर असेल, रबरी कॅपला केसाएवढी भेग असेल, तर दाबलेल्या हवेतून उडी मारण्यापेक्षा त्या ओल्या थरावरून इंजिनाच्या धातूपर्यंत घसरत जाणं तिला सोपं पडतं. ठिणगी पडते, पण आत नाही, बाहेर. प्लगच्या चिनी मातीवर ज्या आडव्या कड्या असतात त्या शोभेच्या नसतात. वरून खाली घसरणाऱ्या विजेची वाट लांबावी म्हणून त्या केलेल्या असतात.

हे कळलं की शिळफाटा आणि मुंब्रा बायपास यांतला फरक कळतो. एकच पाऊस, एकच गाडी, मधे फक्त एक चढ. रस्त्याच्या कडेला होणारी एक जुनी परीक्षा का फसते तेही यातूनच कळतं. गाडी बंद पडली की लोक प्लग काढतात, इंजिनाला टेकवून किक मारतात, निळी ठिणगी दिसली की म्हणतात, ‘करंट आहे, पेट्रोलमध्येच काहीतरी आहे.’ पण ती ठिणगी मोकळ्या हवेत पडलेली असते. मोकळ्या हवेतली उडी लहान मूलही मारील. अडचण दाबाखालच्या उडीची आहे आणि ती परीक्षा उघड्यावर होत नाही. कित्येक कार्बोरेटर निव्वळ या गैरसमजापायी विनाकारण खोलले गेले असतील.

मिस्त्रीने शटर अर्ध्यावर ओढलं, दिवा बंद केला आणि इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. गाडी सुरू केली, प्लगच्या कॅपवर आणि वायरवर बारीक फवारा मारला आणि मूठ झटक्यात दिली. अंधारात कॅपच्या खालच्या कडेपासून इंजिनाच्या पाखांपर्यंत एक निळसर धागा नाचला. आवाज लगेच बदलला, फट् फट् सुरू झाली. तोच आवाज, जो महिनाभर फक्त बायपासवर ऐकू येत होता, तो डोंबिवलीच्या गल्लीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आला. ज्याने हे पाहिलं आहे त्याला तो धागा विसरता येत नाही. मिस्त्री पाऊस यायची वाट बघत बसला नव्हता. त्याने पाऊस दुकानात आणला होता.

(या वेळी त्या धाग्याजवळ बोट नेऊ नये. झटका जबरदस्त बसतो.)

कॅपच्या तोंडाचं रबर उन्हाने कडक होऊन चिरलं होतं. नवी कॅप ही मोटरसायकलच्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. पण मिस्त्री तिथे थांबला नाही. प्लग ज्या खोलगट जागेत बसतो तिच्यात त्याने बोट घातलं आणि बोट ओलं निघालं. नुकतीच फवारणी झाली होती हे खरं, पण आत होतं ते फवाऱ्याचं पाणी नव्हतं, गढूळ होतं. अशा खोलगट जागेच्या तळाशी बहुतेक इंजिनांत बाजूला एक लहानसं भोक ठेवलेलं असतं, पाणी निचरून जावं म्हणून. त्याने सायकलच्या स्पोकचा तुकडा घेतला, पाखांमधून आत घातला, फिरवला. आधी वाळक्या मातीची एक गोळी निघाली, मग चमचाभर तपकिरी पाणी फरशीवर ओघळलं. माती कुंभारीण माशीने भरलेली असावी, असं त्याचं म्हणणं. उन्हाळ्यात गाडी महिनाभर उभी होती का? होती. मे महिन्यात स्वार गावी गेला होता. कुंभारीण घराच्या कडीकोयंड्यात घर करते तशी इंजिनाच्या भोकातही करते. वरून कल्याण-शिळ रस्त्याच्या कामांची धूळ आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल. झाला बूच पक्का.

म्हणजे दोष जुलैचा नव्हताच. तो मे महिन्याचा होता. रबर एप्रिल-मेच्या उन्हात चिरलं, भोक मेमध्ये बुजलं, आणि कोरड्या दिवसांत या दोन्ही गोष्टींनी काहीच बिघडवलं नाही. पावसाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने आधीपासून असलेल्या दोन उणिवा फक्त जोडून दाखवल्या.

एकट्या कॅपने कदाचित पुढचा पावसाळाही निघाला असता, आणि मग तेच दुखणं पुन्हा आलं असतं. म्हणून दुसऱ्या कारणापर्यंत जाणारा मिस्त्री मोलाचा.

मिस्त्री जेव्हा शिकला तेव्हाच्या गाड्यांत ठिणगीची वेळ पॉइंटवर ठरायची. धातूचे दोन ठिपके, त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि झाकणाच्या आत थोडीशी ओल शिरली की गाडी जागच्या जागी बसायची. राजदूतवाले, बुलेटवाले खिशात सँडपेपरचा तुकडा ठेवायचे तो यासाठी. १९८० च्या दशकाच्या मध्याला जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या, १९८४ ची इंड-सुझुकी, १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, आणि त्यांच्याबरोबर सीडीआय ही इलेक्ट्रॉनिक ठिणगीची व्यवस्था घरोघरी पोचली. घासायचे ठिपके गेले, त्यांच्या जागी काळी बंद डबी आली. पावसाळी बिघाड कमी झाले, पण संपले नाहीत. ते डबीतून बाहेर सरकून वायरीत, कॅपमध्ये, कपलरमध्ये राहायला गेले. पुण्याच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला एका सिलिंडरसाठी दोन प्लग दिले. अशा इंजिनात एका प्लगची ठिणगी पाण्याने गेली तरी दुसरा गाडी घरापर्यंत आणतो. स्वाराला मात्र वाटतं, गाडी जरा मंदावली आहे, पेट्रोल खराब असेल. कारण ती बंद पडलेली नसते. दोन प्लगच्या गाडीची पावसातली तक्रार ऐकताना प्रत्येक प्लगची टोपी आळीपाळीने काढून बघणं हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे, अर्थात इंजिन बंद असताना काढायची आणि मग सुरू करून ऐकायचं.

पेट्रोलमधल्या पाण्याची चाल निराळी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं. टाकीच्या झाकणाभोवती पडलेलं पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक नळी असते. ती बुजली तर पाणी झाकणाच्या रबराशी साचून आत पाझरतं. गाडी अनेक दिवस बरी चालते आणि ज्या दिवशी पेट्रोल कमी होऊन कॉक रिझर्व्हला लावतात त्या दिवशी फसते, कारण रिझर्व्ह तळातलं ओढतो. खात्री करायची तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावं. पाणी असेल तर मण्यांसारखं तळाशी लोळताना दिसतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं आणि ते इंजिनातून जळून जातं, हे बरंच. पण मर्यादेपेक्षा जास्त पाणी झालं की ते इथेनॉललाही पेट्रोलमधून ओढून आपल्याबरोबर तळाशी नेतं, आणि तळात जे साचतं त्यावर गाडी चालत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवू नये, एवढं यातून घ्यावं.

आणखी एक गोष्ट या पट्ट्यात फार दिसते. पाऊस टाकीत जाऊ नये म्हणून लोक झाकणावर प्लॅस्टिक घट्ट बांधतात. झाकणाला हवा आत घेण्यासाठी छिद्र असतं. ते बंद झालं की पेट्रोल जसं संपत जातं तशी आत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी दम सोडते, झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. संरक्षणासाठी बांधलेली पिशवीच गळा आवळते. प्लगवरही पिशवी बांधू नये, ती गरम इंजिनावर वितळून बसते. जुने स्वार सायकलच्या ट्यूबचा तुकडा कॅपवर चढवतात तो चांगला. आत सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं तर आणखी चांगला. आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबरी फ्लॅप. नव्या गाड्यांची मडगार्डं आखूड आणि दिसायला झोकदार, पण पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी सरळ इंजिनाच्या छाताडावर, म्हणजे नेमकं प्लगवर येतं. पाऊण वीत रबर ते पाणी अडवतं.

ओल घालवायच्या फवाऱ्याची जी डबी आज प्रत्येक गॅरेजच्या फळीवर असते, तिचा जन्मही अशाच कामासाठी झाला. अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने १९५३ मध्ये क्षेपणास्त्राच्या धातूच्या कातडीवरून पाणी हटवायचं द्रावण शोधलं आणि चाळिसाव्या प्रयत्नाला ते साधलं, म्हणून नाव डब्ल्यूडी-४०. क्षेपणास्त्र आणि डोंबिवलीची मोटरसायकल यांच्या पुढचा प्रश्न एकच: पाणी धातूवर आणि वायरीवर टिकू द्यायचं नाही. पण फवारा हा तात्पुरता इलाज. चिरलेली कॅप त्याने सांधत नाही.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ चे नियम आले आणि कार्बोरेटर नव्या गाड्यांतून जवळजवळ गेला. त्याच्या जागी सेन्सर, संगणक आणि इंधन फवारणारा इंजेक्टर आला. आता पावसात गाडी अडली तर संशयितांच्या यादीत साईड स्टँडचा स्विचही असतो: स्टँड खाली आहे असा खोटा निरोप चिखलाने दिला की संगणक इंजिन चालू देत नाही, आणि स्वार प्लग-कार्बोरेटरच्या जुन्या ज्ञानाने बुचकळ्यात पडतो. कपलर उघडून आत हिरवी भुकटी दिसली तर समजावं, तांब्याला खाडीवरचा खारा दमट वारा लागला आहे. यंत्र लावून कोड वाचणं आलंच, पण डोळ्यांनी कपलर बघणारा माणूस अजून तितकाच लागतो.

भिजलेली गाडी आणि बुडालेली गाडी यांत मात्र गल्लत करू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास नदी फुगली आणि बदलापूर, कल्याण, डोंबिवलीच्या सखल भागांत गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या दिवसांनंतर अनेकांनी पाणी ओसरताच उत्साहाने किक मारली. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. जोर येतो तो कनेक्टिंग रॉडवर, आणि तो वाकतो. बुडालेल्या गाडीचा प्लग आधी काढायचा, किक मारून पाणी बाहेर उडू द्यायचं, इंजिनाचं तेल बदलायचं, मगच पुढचं. २०१९ च्या जुलैत वांगणी-बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं, तेव्हाही तीच उल्हास नदी होती. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर, कळव्याला विटाव्याचा सबवे, कल्याणला वालधुनीचा काठ, मुरबाड रस्त्यावर रायत्याचा पूल: इथलं पाणी गुडघ्याला लागलं की गाडीचं दुखणं शोधत बसण्यापेक्षा गाडी मागे वळवणं शहाणपणाचं.

आणि तयारीची वेळ आता मे अखेर नाही. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो असं धरून लोक मे अखेरीस गाडी गॅरेजला टाकत. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. त्या आठवड्यात ज्यांच्या कॅपा चिरलेल्या आणि भोकं बुजलेली होती, त्यांना ती तशीच घेऊन रस्त्यावर उतरावं लागलं.

डोंबिवलीच्या स्वाराने नवी कॅप बसवली, ट्यूबचा तुकडा चढवला, फ्लॅप लावला आणि निचऱ्याच्या भोकासाठी टूलकिटमध्ये स्पोकचा तुकडा कायमचा ठेवून दिला. मिस्त्रीने मागितले त्यापेक्षा जास्त पैसे तो देऊ लागला तेव्हा मिस्त्री म्हणाला, “साहेब, पाऊस पडू द्या आधी. चढ चढू द्या.” पाऊस तिसऱ्या दिवशी पडला, चांगला झोडपून. बायपासच्या वळणावर त्याने मूठ दिली आणि गाडी गेली. चौथ्यावरच. मागचा कंटेनर मागेच राहिला. रेतीबंदरला उतरताना खाडीवर सगळं पांढरं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

परतताना काटई नाक्याच्या अलीकडे, बंद टपरीच्या पत्र्याखाली, पाठीवर घरपोच जेवणाची चौकोनी पिशवी असलेला एक पोरगा किकवर किक मारत होता. स्वाराने गाडी कडेला घेतली.

“काय होतंय भाऊ?”

“काय कळत नाही काका. सुरू होते, पण ओढतच नाही.”

“एकदम सोडली, का हळूहळू?”

पोराने किकवरचा पाय काढला. तोंडावरचं पाणी हाताने निपटलं आणि आलेल्या रस्त्याकडे वळून बघितलं.

“नेवाळीपर्यंत बरी होती,” तो म्हणाला. “मग ट्रकने खड्ड्यातलं पाणी उडवलं बघा, तिथून.”